फोन घुमतोय की तू?

रात्रीचे साडेनऊ झाले असतील. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि मी भांडी विसळत होते. पलीकडे साताऱ्याहून मावशी. काका जाऊन तीन महिने होत आलेले. दूधवाल्यानं दोन रुपये वाढवले इथपासून दादाच्या मुलाच्या चाचणी परीक्षेपर्यंत सगळं बोलून झालं, आणि मग आवाजाची पट्टीही न बदलता ती म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी ह्यांनी चहा मागितला होता गं. मी दिला नाही." मी नळ बंद केला. हात पुसले. गेले चार महिने दर शनिवार-रविवार समुपदेशनाच्या वर्गात बसून जे शिकत होते ते घरच्या माणसासाठी वापरायची वेळ आली, असं मला वाटलं. आवाज मऊ करून मी म्हणाले, "म्हणजे, त्यांनी मागितलेला चहा आपण दिला नाही, याचं तुला वाईट वाटतंय." पलीकडे काहीच आवाज नाही. मग मावशी म्हणाली, "हेच मी आत्ता म्हटलं ना? फोन घुमतोय की तूच घुमतेयस?"

दोघी हसलो. पुन्हा दूधवाल्यावर आलो. फोन ठेवल्यावर उरलेली भांडी घासली, ओटा पुसला, गॅसची शेगडीसुद्धा पुसली, जी मी रात्री कधी पुसत नाही. मावशी पदराखालून काहीतरी काढून दाखवायला आली होती आणि माझं ते घुमणं ऐकून पुन्हा पदराखाली घालून निघून गेली होती.

(हे सगळं मावशीला विचारून लिहितेय. "चहाचं लिही, पण गावातल्यांना कळेल असं काही नको," एवढीच तिची अट. सातारा एवढं मोठं आहे, की एका चहावरून कोण ओळखणार, असं मी तिला समजावलंय. तिला ते फारसं पटलेलं नाही.)

वर्ग सदाशिव पेठेतल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर भरायचा. लाकडी जिना, वर गेल्यावर शिसवी कपाटाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास. आम्ही अठरा जण. दोन निवृत्त मुख्याध्यापक, एक होमिओपॅथ बाई, एका कंपनीत मनुष्यबळ विभागात असलेला मुलगा, मुलं मोठी झाली म्हणून आलेल्या पाच-सहा जणी आणि मी, जिचं आयुष्य खतावण्या जुळवण्यात गेलंय. शिकवणाऱ्या मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, की 'समुपदेशन' हा शब्द कुणी घडवला देव जाणे, पण त्याच्या पोटातच 'उपदेश' बसलाय आणि तो तिथून काढता काढता माझी पंचवीस वर्षं गेली. तिघातिघांचे गट करून सराव असायचा. एकानं सांगायचं, एकानं ऐकायचं, एकानं नुसतं बघायचं. सांगणारा म्हणे, "ऑफिसात माझी कुणाला किंमतच नाही." ऐकणारा म्हणे, "तुम्हाला डावललं गेल्यासारखं वाटतंय." एका दुपारी सहा कोपऱ्यांतून 'तुम्हाला असं वाटतंय' इतक्या वेळा ऐकू आलं, की चहा घेऊन वर आलेल्या मुलानं ट्रे ठेवता ठेवता विचारलं, "मॅडम, नाटक बसवताय का?"

याच वर्गात आम्हाला ग्लोरियाची फिल्म दाखवली. या क्षेत्रातल्या बहुतेकांनी ती कधी ना कधी पाहिलेली असते. अमेरिकेत १९६४च्या सुमाराला एव्हरेट शोस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञानं ती केली. कल्पना साधी होती. बाई एकच, तिला लागोपाठ तीन उपचारकांपुढे बसवायचं आणि कॅमेरा चालू ठेवायचा. बाई खरी. तिशीची, नुकता घटस्फोट झालेली, पदरात नऊ वर्षांची मुलगी. त्या मुलीनं विचारलं होतं, की आई, बाबा गेल्यानंतर तू दुसऱ्या कुणा पुरुषाजवळ गेली होतीस का? आई खोटं बोलली, नाही म्हणाली. आणि तेव्हापासून ते खोटं तिला पायात मोडलेल्या काट्यासारखं सलतंय. खरं सांगितलं तर पोरीच्या मनावर परिणाम होईल का, एवढं तिला हवंय. हो की नाही, ते सांगा.

पहिला कार्ल रॉजर्स. टक्कल, चष्मा, किंचित पुढे झुकून बसलेला, एखाद्या गावातल्या पोस्टमास्तरासारखा. तो हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ती परत परत विचारते, तो परत परत तिचंच तिच्यापुढे ठेवतो, पण असं, की दर वेळी ती त्यातून आणखी थोडं पुढचं बोलते. शेवटी शेवटी तिचे डोळे भरतात. माझे वडील तुमच्यासारखे असते तर, असं काहीतरी ती म्हणते, आणि तो अगदी साधेपणानं सांगतो, की मला तू छान मुलगी वाटतेस. फ्रॉइडच्या घराण्यातल्या लोकांनी या वाक्यावरून पुढे बरीच नाकं मुरडली. ती त्याच्यात बाप पाहतेय, तर ते उकलून दाखवायचं सोडून हा बाप होऊन मोकळा झाला, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्या क्षणी दुसरं काही बोलला असता तर तो माणूस म्हणून मला आवडला नसता. पण आवडण्याचा आणि उपचाराचा काय संबंध, हेही खरंच.

दुसरा फ्रिट्झ पर्ल्स. बर्लिनचा, दक्षिण आफ्रिका करून अमेरिकेत आलेला, हातात सिगारेट. ग्लोरिया म्हणते, मला तुमची भीती वाटतेय. आणि म्हणताना हसते. झालं, तो ते हसू पकडतो. भीती वाटते म्हणतेस आणि हसतेस, घाबरलेलं माणूस हसत नाही, हे सोंग आहे. ती चिडते. तो अजून डिवचतो. त्याला तिची गोष्ट ऐकण्यात रस नाही. या घटकेला, या खुर्चीत तिचे हात काय करताहेत, पाय काय करताहेत, ते त्याला हवंय. आमच्या वर्गात या वेळी खुर्च्या करकरायला लागल्या. होमिओपॅथ बाई मोठ्यानं म्हणाल्या, "हा काय उर्मटपणा!"

तिसरा अल्बर्ट एलिस. तो स्वतःच सगळ्यात जास्त बोलतो, भराभर बोलतो, आणि तिच्या डोक्यातल्या वाक्यांना एकेक करून उभं-आडवं घेतो. मुख्याध्यापकांपैकी जे थोरले, ते खूश झाले. "हा निदान काहीतरी सांगतो तरी!"

तिघं झाल्यावर तिला विचारलं, की यापुढे कुणाकडे जावंसं वाटेल? ती म्हणाली, पर्ल्सकडे. आम्ही सगळे चाट. मॅडमनी दिवे लावले आणि पुढचं सांगितलं. वर्षभरानं एका शिबिरात ती फिल्म दाखवली गेली तेव्हा ग्लोरिया तिथं होती. पडद्यावर स्वतःला पाहून ती पर्ल्सवर भडकली, आणि त्याहून स्वतःवर, की त्यानं सांगितलं ते ते मी का करत गेले? रॉजर्सला आणि त्याच्या बायकोला मात्र तिनं विचारलं, की तुम्हाला मनातल्या मनात मी आईवडील मानू का? ती १९७९ साली गेली, तोवर अधूनमधून त्यांना पत्रं लिहीत राहिली. अर्ध्या तासाची भेट आणि पंधरा वर्षांची पत्रं.

घरी येताना बसमध्ये मी विचार करत होते, की चित्रीकरण संपल्याच्या दिवशी विचारलं तर एक उत्तर आणि वर्षानं विचारलं तर दुसरं. मग कुठल्या दिवशीचं उत्तर धरायचं?

एलिसचं मला वावडं नाही, उलट मी त्याची ऋणी आहे. आठ वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मला रात्री दोन वाजता छातीत धडधड सुरू व्हायची. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित. तेव्हा ज्या बाईंकडे गेले त्यांनी मला शंभर पानी वही घ्यायला लावली आणि पानावर तीन रकाने आखायला लावले. पहिल्यात काय घडलं, तिसऱ्यात मला काय झालं, आणि मधला रकाना रिकामा. "हिशेबाची माणसं तुम्ही, मधली नोंद राहिलीय ती शोधा," म्हणाल्या. मधल्या रकान्यात मी स्वतःशी काय बोलले ते लिहायचं होतं. लिहीत गेले. दोन आठवड्यांनी त्यांनी वही मागून घेतली आणि लाल पेननं फक्त एक अक्षर गोल करत सुटल्या. 'ताळेबंद जुळलाच पाहिजे.' 'साहेबांना माझी चूक दिसताच कामा नये.' 'मी कधीच कमी पडता कामा नये.' पानभर लाल गोल, आणि प्रत्येकाच्या आत 'च'. इंग्रजीत एलिसला याच्यासाठी 'मस्ट' हा अख्खा शब्द लागला, आपल्याकडे एका अक्षरात काम होतं. डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केला, त्याची विवेकनिष्ठ विचारसरणी मराठीत आणली, आणि त्यामुळे मुंबई-पुण्याकडे बऱ्याच सल्लाकेंद्रांत आज हीच भाषा ऐकू येते. मला तरी त्या 'च'नं वाचवलं. धडधड थांबायला तीन महिने लागले, पण थांबली. अजूनही कुणी बोलताना 'च' वापरला, की माझ्या डोळ्यांपुढे लाल गोल येतो.

एलिसची स्वतःची एक गोष्ट त्या बाईंनी सांगितली होती. एकोणीस वर्षांचा असताना पोरींशी बोलायची त्याला भयंकर भीती. म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन बसायचं आणि बाकावर एकटी बसलेली प्रत्येक बाई गाठून तिच्याशी बोलायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं. एकशे तीस जणी भेटल्या. तीस उठून गेल्या. शंभरांशी बोलला. एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण मेलो तर नाही, हे त्याला कळलं. तोवर औषधाचे शोध प्रयोगशाळेत लागतात असं मला वाटायचं, हा बागेतल्या बाकावर लागला.

तर, मावशीचा चहा.

काकांची साखर वाढलेली. डॉक्टरांनी दिवसाला दोन चहा, तेही बिनसाखरेचे, असं ठरवून दिलेलं. त्या दिवशी सकाळचा झाला, चारचा झाला. साडेपाचला मावशी मालिका बघत होती आणि काका पेपर घेऊन झोपाळ्यावर. त्यांनी पेपरआडून विचारलं, "चहा होईल का गं अर्धा कप?" ती म्हणाली, "मिळणार नाही." ते "बरं" म्हणाले आणि पान उलटलं. पहाटे चारला ते गेले. हे मला एका दमात नाही कळलं, तीन-चार फोनांत तुकड्यातुकड्यानं कळलं. दर वेळी मावशी एक टवका सांगायची आणि विषय बदलायची.

आणि मग कावळा. दहाव्याला पुरुषमंडळी संगम माहुलीला गेली. कृष्णा आणि वेण्णा जिथं मिळतात तिथं घाट आहे. पिंड मांडले, शेजारी काकांच्या आवडीची कांदाभजी, जिलबी, तपकिरीची डबी. कावळे झाडावर, पण खाली एक येईना. दादा हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका, मी आहे." येईना. मावशीचे धाकटे दीर आपल्या गेलेल्या भावाला म्हणाले, "दादा, बांधाचं भांडण मी मिटवतो." येईना. काकांचे मित्र म्हणाले, "तुझे पाच हजार माझ्याकडे आहेत, वहिनींना देतो." त्या गंभीर वेळी सगळे एकमेकांकडे बघायला लागले, कारण हे पाच हजार कुणालाच ठाऊक नव्हते. दीड तास गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि मंडळी घरी आली. बायकांना सांगितलं, "शिवला हो, लगेच शिवला." मावशीला बरं वाटलं. आणि मग दादाचा सात वर्षांचा मुलगा तिच्या मांडीवर येऊन बसला आणि म्हणाला, "आजी, खरा आलाच नाही. गवताचा केला."

ती तिथंच समजली. घाटावर सगळ्यांनी आपापलं बोलून पाहिलं, ज्याच्याशी ज्याचा हिशेब राहिला होता त्यानं तो काढला. जिचा राहिला होता ती घरी, पिठलं ढवळत.

हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मनुष्यबळवाला मुलगा एकदम सावरून बसला. "अहो, ही तर पर्ल्सची रिकामी खुर्ची!" पर्ल्स असं करायचा खरंच. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, त्यात गेलेला बाप, सोडून गेलेला नवरा बसलाय असं समजून त्याच्याशी बोलायचं, मग त्या खुर्चीत जाऊन त्याच्या बाजूनं उत्तरही द्यायचं. त्यावर एक ताई म्हणाल्या, की आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच ठाऊक होतं. मला त्या वाक्याचा राग आला, आणि इतका का आला ते लगेच कळेना. घरी जाताना कळलं. पूर्वजांनी खुर्ची मांडली, हे कबूल. पण मावशीला त्या खुर्चीपर्यंत जाऊ कुठं दिलं? आता पुष्कळ घरांतल्या बायका घाटावर जातात. आमच्याकडे नाही गेल्या. आणि जिच्याशी बोलायला कावळा खाली उतरला असता, तिला घरी बसवून वर खोटं सांगितलं.

दुसऱ्यांदा फोनवर मी एलिस काढला. ठरवून काढला नाही, सुटला. मावशी म्हणाली, "द्यायलाच हवा होता गं तो चहा." आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल गोल आला. "मावशी, द्यायलाच हवा होता असं कुठं लिहिलंय? डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच तू केलंस. अर्धा कप दिला असता तर ते राहिले असते का?" ती म्हणाली, "ते मला कळत नाही होय? कळून होत नाही म्हणून तर सांगतेय." आणि दादा आला वाटतं, असं म्हणून फोन ठेवला. दादा मुंबईला असतो. तो मंगळवार होता.

एलिसवर याचं खापर फोडणार नाही. माझ्या बाईंनी लाल पेन हातात घ्यायच्या आधी मला कितीतरी तास बोलू दिलं होतं, ते मी सोयीस्कर विसरले होते. मला फक्त लाल पेन आठवलं.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्यांनी रॉजर्सच्या तरुणपणातला एक प्रसंग सांगितला. तेव्हा तो न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला मुलांच्या केंद्रात नोकरी करत होता. एक बाई आपल्या दांडगट पोराला घेऊन यायची. दोष आईचा, ती त्याला लहानपणापासून झिडकारतेय, हे रॉजर्सला स्पष्ट दिसत होतं. तो तिला ते हर तऱ्हेनं, गोड बोलून दाखवायचा प्रयत्न करत होता. काही होईना. शेवटी तो म्हणाला, आपण दोघांनीही प्रयत्न केला, जमलं नाही, थांबूया. ती हो म्हणाली, हात मिळवला, दारापर्यंत गेली. तिथून वळून विचारलं, "इथं मोठ्या माणसांचं बघता का तुम्ही?" बघतो म्हटल्यावर परत येऊन खुर्चीत बसली आणि नवऱ्याबद्दल, संसाराबद्दल, आपल्या हरलेपणाबद्दल भडभडा बोलायला लागली. आजवर नोंदवलेल्या माहितीत यातलं काहीही नव्हतं. कुठं दुखतंय हे सांगणाऱ्यालाच माहीत असतं, हे आपण त्या बाईकडून शिकलो, असं पुढे त्यानंच लिहिलं. १९४२ साली त्यानं जे पुस्तक काढलं त्यात एका माणसाबरोबरच्या आठ बैठकी तबकड्यांवर ध्वनिमुद्रित करून शब्दन्‌शब्द छापल्या. तोवर बंद दाराआड काय चालतं ते उपचारक सांगेल तेवढंच जगाला कळायचं. आता वाचता येऊ लागलं, की हा माणूस निम्म्या वेळा नुसतं 'हं' म्हणतो.

'हं' वाचून मला आजी आठवली. आजी गोष्ट सांगायची तेव्हा कुणीतरी हुंकार द्यायलाच हवा असायचा. आम्ही पाच-सहा भावंडं गच्चीवर आडवी, आजी मध्ये, आणि हुंकाराचं काम पाळीपाळीनं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. "झोपलात मेल्यांनो!" माझी पाळी असली, की मी झोपेतसुद्धा 'हं' म्हणायचे, आणि एकदा तसं म्हणताना आजीनं मुद्दाम राजाच्या जागी आमच्या गवळ्याचं नाव घातलं होतं आणि तो गवळी राजकन्येशी लग्न करून मोकळा झाला तरी मी 'हं'च म्हणत होते. माझ्या घुमण्यात आणि या झोपेतल्या हुंकारात काय फरक होता, असं मला त्या रात्री वाटलं. दोन्हींत मी तिथं नव्हतेच.

पण 'हं' इतकं निरुपद्रवीही नाही, आणि हे कळल्यावर मी जरा हादरले. १९५५ साली जोएल ग्रीनस्पून नावाच्या संशोधकानं एक प्रयोग छापला. माणसाला बसवायचं, सुचतील ते सुटे सुटे शब्द बोलत राहा म्हणायचं, आणि त्यानं अनेकवचनी नाम उच्चारलं, की मागे बसून हळूच 'म्‌हं' करायचं. बाकी काही नाही. माणसं जास्त अनेकवचनं बोलू लागली. आणि १९६६ साली ट्रुअ‍ॅक्स या संशोधकानं खुद्द रॉजर्सच्या एका उपचाराची ध्वनिमुद्रणं तपासली, तर तोही ठराविक तऱ्हेच्या बोलण्याला जास्त ऊब देत होता, इतर बोलण्याला कमी. म्हणजे काहीच न सुचवणारा म्हणून ज्याची ख्याती, तोसुद्धा नकळत पाण्याला दारं धरून देत होता. कुठल्या वाफ्यात पाणी जायचं ते फावडं हातात धरणारा ठरवतो, आणि इथं फावडं म्हणजे एक 'हं'. मग मी फोनवर कशाला 'हं' म्हणत होते? मला आठवलं, मावशी रडवेली झाली, की माझा 'हं' मऊ आणि लांब व्हायचा. काकांबद्दल कुरकुर सुरू झाली, की मी गप्प. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे माझ्या 'हं'ला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

श्रावणात दोन दिवस साताऱ्याला गेले. वही नेली नाही, तसा पणही केला नाही, पिशवीत मावली नाही एवढंच. दुपारी मावशीनं मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून परात मध्ये ठेवली. आम्ही दोघी माजघरात भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी बसलो, पाय पसरून, समोर उघडं दार आणि त्यातून दिसणारा परसातला कडीपत्ता. वाल सोलायला डोळे लागत नाहीत. चिमटीत धरून दाबला, की साल हातात राहतं आणि डाळिंबी सुळकन निसटून पातेल्यात जाते. त्याचा एक हिरवट, उग्र वास बोटांना दोन दिवस राहतो. फ्रॉइड रुग्णाला कोचावर झोपवून स्वतः डोक्यामागे बसायचा, आणि त्याचं एक कारण त्यानं प्रांजळपणे लिहून ठेवलंय, की दिवसातले आठ-आठ तास कुणीतरी आपल्या तोंडाकडे टक लावून बघावं हे मला सोसवत नाही. उपचारकांच्या इतक्या लिखाणात मला सगळ्यात भावलेलं वाक्य हे. आमच्या वर्गात मात्र खुर्च्या समोरासमोर आणि नजर स्थिर ठेवायची.

पाऊण तास वालच चालले. मग मावशी म्हणाली, "बेचाळीस वर्षं. कधीही म्हणावं, चहा टाक. पाहुणे आले टाक. पेपर आला टाक. मी ताप येऊन पडलेली असताना पण टाक, आलं घालून टाक, तुलाही बरं वाटेल." मी काही म्हटलं नाही. 'हं'सुद्धा नाही, कारण माझा 'हं' कुठल्या बाजूला कलेल याची मला खात्री नव्हती. "डॉक्टरांनी दोनच चहा सांगितले ना, तेव्हा मी घरी येऊन हसले होते. पहिल्यांदाच नाही म्हणायची सोय झाली." एक डाळिंबी तिच्या चिमटीतून उडून लांब फरशीवर गेली. ती उठली नाही. "त्या दिवशी मिळणार नाही म्हणाले ना, ते मला आवडलं होतं गं. छान वाटलं होतं. मालिका बघताना मी मनात पुन्हा एकदा म्हटलं पण होतं, मिळणार नाही."

दारातून कडीपत्त्यावर ऊन आलं होतं, गेलं. माझ्याकडे चार-पाच वाक्यं तयार होती. एक घुमणारं, एक लाल पेनाचं, एक असं, की मग आत्ता काकांना सांग ना तसं. आणि एक अगदी घरगुती, आपल्या सगळ्यांचंच, की जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस. ही शेवटची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही, पण जगात तिच्याइतकी कुठलीच वापरली जात नसेल. मी वाल सोलत राहिले. बोटांची टोकं सुरकुतून पांढरी पडली होती.

"तुमच्या त्या वर्गात याला काय म्हणतात?" मावशीनं विचारलं.

"कशाला?"

"नाही म्हणून बरं वाटण्याला. आणि मग माणूस मरण्याला."

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"मग शिकवतात तरी काय?" ती म्हणाली, आणि फरशीवरची ती एक डाळिंबी आणायला भिंतीचा आधार घेत उठली. परातीत अजून दोन मुठी वाल होते.